ओळखीचे मालक पुन्हा पुन्हा नोकरीला बोलावतात. संबंध न बिघडवता कायमचं ‘नाही’ कसं सांगावं?

गोशिरगाव_क्वालिटी (प्रश्न)

मंडळी, मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमच्याकडं शिरोलीच्या एका फाउंड्रीतनं (ओतकामाच्या कारखान्यातनं) कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, येतं. तिथले मालक वयानं मोठे, स्वभावानं चांगले, काम अडलं तर स्वतः फोन उचलणारे. दिवाळीपासून ते मला त्यांच्याकडं बोलावतायत. ‘क्वालिटी सगळी तुमच्या ताब्यात देतो, आमचं पोरगं अजून शिकतंय, तुम्ही या.’ आधी मी ‘सध्या नको साहेब’ म्हटलं, मग ‘घरी विचारतो’, मग ‘मार्चनंतर बघू’. आता त्यांनी पगाराचा आकडाही सांगितलाय, आणि परवा आमच्या मामांकडनं निरोप आला, ‘भाच्याचं काय ठरलं?’

जायचं नाही हे माझं पक्कं आहे. पण त्यांचा माल रोज आमच्याकडं येतो, रोज बोलणं होतं. फोन करावा की व्हॉट्सअ‍ॅप? कारण काय द्यावं? पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने राहिलेत, तेव्हा ग्रॅच्युइटीचं कारण सांगितलं तर चालेल का? आणि आमच्या साहेबांना हे सांगायचं की नाही?

एचआर_राजारामपुरी

तुमच्या तिन्ही उत्तरांत मुदत आहे. ‘सध्या नको’ म्हणजे पुढे चालेल. ‘घरी विचारतो’ म्हणजे घरचे हो म्हणाले की येतो. ‘मार्चनंतर’ म्हणजे एप्रिलला फोन करा. ते उगाच मागे लागलेले नाहीत, तुम्हीच दिलेल्या वायद्याला फोन करतायत. तेव्हा आधी उत्तरातली मुदत काढा.

मग कारण. कारण दिलं की कारखानदार ते सोडवायला बसतो, त्याचा दिवस त्यातच जातो. पगार म्हणालात तर आकडा वाढतो. लांब पडतं म्हणालात तर गाडी पाठवतो म्हणतील, तसंही दोन्ही वसाहती पुणे-बंगळूर हायवेलाच. मुलांची शाळा म्हणालात तर जूनपर्यंत थांबतील. नोटीस पिरियड म्हणालात तर त्याचे पैसे आम्ही भरतो. नेमणूकपत्रातल्या ‘दुसरीकडं जायचं नाही’ या अटीवर बोट ठेवलंत तर तेही चालणार नाही. नोकरी सोडल्यानंतर स्पर्धकाकडं जाण्यावरची बंदी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळं सहसा टिकत नाही, आणि माणसं घेणाऱ्या मालकांना हे चांगलं ठाऊक असतं. न सुटणारं कारण एकच, तुमचा स्वतःचा निर्णय. ‘मी आहे तिथंच राहायचं ठरवलंय.’ का ठरवलंय ते सांगायची गरज नाही.

फोन आधी, मेसेज त्याच दिवशी. नुसता मेसेज केला तर वडीलधाऱ्या माणसाला ते तोंड चुकवल्यासारखं वाटतं. नुसता फोन केला तर बोलता बोलता विषय पुन्हा उघडतो आणि हातात काहीच राहत नाही. फोन साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करा. भट्टीची हीट (एका वेळचं धातू वितळवणं) चालू असताना किंवा गाडी भरत असताना केलात तर ‘बोलू नंतर’ म्हणून ते ठेवून देतील, आणि तुम्ही नाही म्हटलंय हे त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही.

फोनवर एवढंच बोला:

‘साहेब, कामाचा फोन नाही, दोन मिनिटं आहेत का? तुम्ही मला बोलावलंत, त्याची मला खरंच किंमत आहे. मी नीट विचार केलाय. मी इथंच राहणार आहे. तुम्ही माझ्यासाठी जागा धरून ठेवू नका, दुसरा माणूस बघा. कास्टिंगचं आपलं काम जसं चाललंय तसंच चालेल.’

यातलं ‘जागा धरून ठेवू नका’ हे वाक्य गाळू नका. बाकीचं सगळं ऐकूनही माणूस वाट बघत राहू शकतो, हे ऐकल्यावर नाही. एवढं बोलून थांबा. पलीकडं शांतता झाली की आपल्या तोंडून आपसूक ‘म्हणजे तसं नाही, पुढं बघू की’ निघतं. ते निघू देऊ नका.

‘किती पाहिजेत ते तरी सांगा’ असं हमखास येईल. आकडा सांगू नका, ‘तुम्ही म्हणता तो आकडा चांगलाच आहे’ असंसुद्धा नको. ‘साहेब, पैशाचा प्रश्नच नाही. आकडा बोललो तर घासाघीस होईल आणि ती मला तुमच्याशी करायची नाही.’ पुढचं वाक्य असेल, ‘बरं, एकदा कारखाना तर बघून जा.’ त्याला, ‘ऑडिटला येतोच साहेब, तेव्हा बघणंही होईल. नोकरीसाठी म्हणून नको.’ कारखाना दाखवला की शॉपवरच्या सगळ्यांना नवीन साहेब येणार असं वाटतं, आणि मग तुमचा नकार मालकांना दहा जणांपुढं झेलावा लागतो.

वसुली_ते_पगारपत्रक

ग्रॅच्युइटीचं तेवढं सांगतो. कायम नोकरीत सलग पाच वर्षांची सेवा लागते हे बरोबर. ढोबळ हिशोब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. समजा मूळ अधिक डीए २६,००० आहे, तर वर्षाला १५,००० आणि पाच वर्षांचे ७५,०००. कारण म्हणून हे का चालत नाही ते या आकड्यातच दिसतं. ७५,००० ही मालकांना जॉइनिंगच्या वेळी सहज देता येणारी रक्कम आहे, ‘एवढं मी देतो, या’ म्हणतील. (तसे दिलेले पैसे पगारात धरले जातात आणि त्यावर कर लागतो, ग्रॅच्युइटी मात्र ठरलेल्या मर्यादेपर्यंत करमुक्त असते. पण तुम्ही जाणारच नाही, तर हा हिशोब त्यांच्यापुढं मांडूच नका.) आणि नाहीच दिले, तर थोड्या महिन्यांनी तुमची पाच वर्षं भरली की पुन्हा फोन.

शिरोली_खरेदी_विभाग

वर नाही कसं म्हणायचं ते नीट सांगितलंय, पण माझ्या मते तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. तुम्ही त्यांचा माल तपासता. इनकमिंगला ब्लोहोल (हवेची छिद्रं) निघाले, हार्डनेस कमी आला, मशिनिंग झाल्यावर श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) दिसलं, तर रिजेक्शनवर सही तुमची आणि डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी) त्यांना. बॉर्डरवरचा लॉट डेव्हिएशनवर (थोडा फरक असूनही खास मंजुरीनं) घ्यायचा की नाही यातही तुमचा शब्द. नोकरीचं बोलणं लटकत असताना लॉट पास केलात तर उद्या कुणीही म्हणेल, तिकडं जायचंय म्हणून सोडला. परत पाठवलात तर मालकांना वाटेल, भाव वाढवायला अडवतोय. तुम्ही सरळ असलात तरी दोन्हीकडनं अडकता.

म्हणून तुमच्या साहेबांना सांगा, आणि नकार कळवाल त्याच दिवशी सांगा. आधी तोंडी, मग दोन ओळींचा मेल:

‘अमुक पुरवठादाराकडून मला नोकरीबद्दल विचारणा झाली होती. मी ती आज स्पष्टपणे नाकारली आहे. त्यांच्या मालाच्या तपासणीचं काम माझ्याकडं असल्यानं आपल्या माहितीसाठी कळवत आहे. पुढचे काही लॉट, विशेषतः डेव्हिएशनचे, दुसऱ्या कुणाच्या सहीनिशी पास व्हावेत असं मी सुचवतो.’

मेलमध्ये पगाराचा आकडा नको, मामांचा उल्लेख नको, तक्रारीचा सूर नको. मालकांनी काही गैर केलेलं नाही. आकडा लिहिलात तर तो पगारवाढ मागायचा डाव दिसतो, आणि मेलचा सगळा उपयोग जातो.

सांगण्याचं आणखी एक कारण खास आपल्याकडचं. इथं मालक मालकाला ओळखतो. गोशिमाच्या, स्मॅकच्या (गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या कारखानदारांच्या संघटना) कार्यक्रमात, नाहीतर इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या कोल्हापूर चॅप्टरच्या बैठकीला भेट होतेच. ‘आमची कंपनी सोडत नाही’, ‘करारात बसत नाही’ असं काही तुम्ही सांगितलंत, तर ते थेट तुमच्या एमडींना म्हणतील, ‘सोडा की ओ त्याला, दुसरा माणूस मी देतो.’ ते मोकळेपणानं बोलतील, पण तुमच्या वरिष्ठांना ही बातमी तुमच्याऐवजी बाहेरून कळेल. त्यामुळं कंपनीच्या नियमाआड लपू नका. पुरवठा करारात एकमेकांची माणसं न घेण्याचं कलम असूही शकतं, ते आपल्या लीगलकडून माहिती म्हणून बघून ठेवा, पण मालकांना ऐकवू नका. ते ऐकवलं की नकाराची धमकी होते.

आणि फोन होईपर्यंत खासगी जेवण टाळा. असोसिएशनच्या जेवणात सगळ्यांबरोबर ताट घेतलं तर काही नाही. पण दोघंच तांबड्या-पांढऱ्यावर बसलात आणि बिल त्यांनी दिलं, की मग नाही म्हणणं जड जातं.

उद्यमनगर_मशिनिस्ट

एक सुचवू का? नोकरी नको म्हणा, पण सुट्टीच्या दिवशी महिन्यातनं एकदा जाऊन त्यांच्या इन्स्पेक्शनच्या पोरांना शिकवतो म्हणा. त्यांची अडचणही भागेल आणि मनही दुखावणार नाही.

शिरोली_खरेदी_विभाग

भावा, हेतू चांगला आहे, पण हे नोकरीपेक्षा वाईट. पैसे घेतले तर एका वेळी दोन ठिकाणी काम, बहुतेक नेमणूकपत्रांत लेखी परवानगीशिवाय त्याला मनाई असते. फुकट केलं तरी ज्यांचा माल तपासायचा त्यांचीच तपासणी बसवून देतोय. त्यांच्याकडनं पुढं खराब लॉट आला तर ‘तुमच्याच पद्धतीनं तपासलाय’ हे उत्तर तयार. शिकवायचंच असेल तर सप्लायर डेव्हलपमेंट (पुरवठादाराला सुधारायला मदत) म्हणून कंपनीकडनं, कामाच्या वेळेत, व्हिजिट रिपोर्ट लिहून. त्याला कुणाची हरकत नसते, आणि मालकांचा फायदा तेवढाच होतो.

एचआर_राजारामपुरी

याच्याशी शंभर टक्के सहमत. शिवाय महिन्यातनं एकदा समोरासमोर बसल्यावर नोकरीचा विषय महिन्यातनं एकदा निघणारच.

साचा_आणि_वाळू

माणसं घेणाऱ्याच्या बाजूनं लिहितो, कारण प्रश्नकर्त्याला मालक दुखावतील ही धास्ती जास्त दिसतेय.

फाउंड्रीत वाळू, मेटल आणि मशिनिंगनंतर उघडं पडणारे दोष या तिन्हीची जाण असलेला क्वालिटीचा माणूस पटकन मिळत नाही. ग्राहकाकडचा माणूस त्यातल्या त्यात हवाहवासा, कारण माल कुठं नापास होतो ते त्याला माहीत असतं. म्हणून मालक मागे लागतात. त्यात तुमच्याबद्दलचा आदर आहेच, पण कारखान्याची गरजही आहे, आणि ती गरज कुठल्या तरी तारखेला बांधलेली असते. आयएटीएफ १६९४९ चं (वाहन उद्योगातलं दर्जाचं मानक) ऑडिट जवळ आलंय, नवीन पार्टचं पीपॅप (ग्राहकाच्या मंजुरीसाठीची कागदपत्रं) द्यायचंय, ग्राहकानं करेक्टिव्ह अ‍ॅक्शन मागितलीय. जागा रिकामी ठेवून ते तुमची वाट बघतात तेव्हा हे सगळं खोळंबतं. स्पष्ट नकारानं दोन दिवस वाईट वाटेल. ‘बघू बघू’ करून चार महिन्यांनी आलेला नकार मात्र लक्षात राहतो, कारण त्यात त्यांचं नुकसान झालेलं असतं. तुम्ही भिडेपोटी लांबवताय, आणि दुखावण्याची शक्यता त्यानंच वाढतेय.

दुसरं, नकार एकट्याला द्या. त्यांनी घरात, मुलाला, कदाचित भागीदारालाही ‘तो माणूस आपल्याकडं येतोय’ असं सांगितलेलं असू शकतं. चारचौघांत, त्यांच्या सुपरवायझरसमोर, असोसिएशनच्या हॉलमध्ये नको. तिथं विषय निघालाच तर ‘साहेब, फोन करतो’ एवढंच म्हणा आणि त्याच दिवशी करा.

नाव सुचवायचं असेल तर सुचवा, मालकांना त्याचं अप्रूप वाटतं. पण त्या माणसाला आधी विचारा, मगच नंबर द्या. आपल्याच कंपनीतला माणूस सुचवू नका, बहुतेक कंपन्यांना ते खपत नाही. आणि नाव फोनवर त्याच दमात देऊ नका, दोन दिवसांनी द्या. एकाच वाक्यात ‘मी येत नाही, पण अमका येईल’ म्हटलं की मालक म्हणतात, ‘तो असू दे, तुमचं बोला.’ नाव नसेल तर शासकीय तंत्रनिकेतनच्या प्लेसमेंट सेलकडं जायला सांगा, किंवा निवृत्त झालेला क्वालिटी हेड आठवड्यातनं दोन दिवसांच्या सल्लागारीवर बघायला सांगा. शिकाऊ डिप्लोमावाला आणि निवृत्त माणूस ही जोडी बऱ्याच लहान फाउंड्रींना परवडते.

गोशिरगाव_क्वालिटी

सगळ्यांचे मनापासून आभार. फोननंतर पाठवायला मेसेज लिहिलाय, बघा जरा:

‘नमस्कार साहेब. आपण दिलेल्या संधीबद्दल खूप खूप धन्यवाद. सध्या आमच्याकडं नवीन लाइन चालू होत असल्यामुळं मला लगेच निघता येणार नाही, त्याबद्दल क्षमस्व. पुढं कधी योग आला तर नक्की विचार करीन. लोभ असावा.’

मामांना काय सांगू?

एचआर_राजारामपुरी

हा मेसेज पाठवू नका. ‘सध्या’, ‘लगेच’ आणि ‘पुढं कधी योग आला तर’ अशा तीन फटी राहिल्यात. नवीन लाइन हे पुन्हा सुटणारं कारण, लाइन चालू झाली की फोन. शिवाय तुमच्या कंपनीत काय चालू होतंय हे पुरवठादाराला लिहून देताय, तेही नको. ‘क्षमस्व’ काढा, तुम्ही काही चुकलेला नाही. असं लिहा:

‘नमस्कार साहेब. आज फोनवर बोललो ते लिहूनही कळवतो. तुम्ही माझ्यावर विश्वास दाखवलात, तो माझ्या लक्षात राहील. मी आहे तिथंच राहायचं ठरवलं आहे आणि हा निर्णय पक्का आहे. त्या जागेसाठी तुम्ही दुसरा माणूस जरूर बघा. रोजच्या कामासाठी मी नेहमीसारखा आहेच.’

पाठवल्यावर निळ्या खुणा येतील आणि कदाचित उत्तर येणार नाही. त्यावर ‘राग नाही ना आला साहेब?’ असा दुसरा मेसेज करू नका. मग त्यांनी तुमची समजूत काढायची वेळ येते. दुसऱ्या दिवशी नेहमीचं काम, हीट नंबर, टेस्ट सर्टिफिकेट, गाडी कधी निघतेय, एवढंच बोला.

मामांना मालकांशी बोलणं झाल्यावरच सांगा, आधी नाही. ‘मामा, मी साहेबांना स्वतः कळवलंय, नाही म्हणून. तुम्हाला पुन्हा विचारलं तर त्यालाच विचारा म्हणा.’ मामांकडून नकार कळवू नका. मधला माणूस भीड राखायला ‘पोरगं जरा विचारात आहे’ असं म्हणतो आणि मग ते गुऱ्हाळ पुन्हा सुरू.

उद्यमनगर_मशिनिस्ट

‘बदल करावासा वाटला तर मी स्वतः तुमच्याकडं येईन’ हे वाक्य घातलं तर? अगदीच दार बंद कशाला.

साचा_आणि_वाळू

खरं असेल तरच घाला. खरं असेल तर वाक्य चांगलं आहे, कारण पुढचं पाऊल मालकांच्या हातातनं तुमच्या हातात येतं. पण प्रश्नकर्त्यानं ‘पक्कं’ म्हटलंय. मग नुसतं बरं दिसावं म्हणून घातलेलं हे वाक्य म्हणजे पुन्हा आशा लावणं.

गोशिरगाव_क्वालिटी

नाही घालत. आणि इतकं करूनही परत विचारलं तर?

एचआर_राजारामपुरी

विचारतील, बहुतेक हसत हसत विचारतील. तेच वाक्य, आणखी लहान करून. ‘साहेब, माझं तेच आहे, मी इथंच.’ आणि लगेच कामाचा विषय. नवीन कारण जोडू नका. प्रत्येक वेळी वेगळं कारण ऐकलं तर खरं कारण अजून पुढं आलेलं नाही असं त्यांना वाटतं, आणि ते शोधत राहतात. आवाजात वैताग आणू नका, तुमचा सूर बदलला की इतके दिवसांचे संबंध खरोखरच बिघडतात. मेसेज लिहून दिल्यानंतरही आठवड्याला फोन यायला लागला, तर तुमच्या साहेबांना सांगा आणि पुढचं बोलणं त्यांना करू द्या. ते मालकांना बरोबरीच्या नात्यानं सांगू शकतात.

शिरोली_खरेदी_विभाग

एक राहिलंच. नकारानंतरचं पहिलं रिजेक्शन जपून करा. लॉट खरंच खराब असेल तर परत पाठवायचाच, पण त्या वेळी फोटो, हीट कोड, किती नगांतले किती नग, ड्रॉइंगवरचं माप आणि आलेलं माप, सगळं रिपोर्टमध्ये. सही दोघांची. मेल नेहमीच्या आयडीवरून, खरेदी विभागाला सीसी, त्यांच्या क्वालिटीच्या माणसाला उद्देशून. मालकांना उद्देशून नाही. शक्य असेल तर खराब नग बाजूला ठेवून त्यांच्या माणसाला येऊन बघायला सांगा. त्यानं समोर मोजून घेतलं की मालकांना शंका घ्यायला जागाच राहत नाही.

गोशिरगाव_क्वालिटी

मेसेज मराठीत पाठवू की इंग्रजीत? ऑफिसचे मेल सगळे इंग्रजीत जातात.

साचा_आणि_वाळू

तुम्ही दोघं रोज व्हॉट्सअ‍ॅपवर जसं लिहिता तसंच, म्हणजे मराठीतच. इंग्रजी आलं की कंपनीनं लिहून दिलंय असं त्यांना वाटेल. फक्त तुमच्या साहेबांना जाणारा मेल ऑफिसच्या रीतीप्रमाणं इंग्रजीत करा.